भेटीच्या कट्ट्यापासून दोन वळणे

थंड होऊन गेलेल्या एका ज्वालामुखीच्या माथ्यावर एकदा एक वृद्ध साधू राहत होते, आणि त्यांच्यापाशी एक तरुण शिष्य होता. डोंगराने आग ओकली त्याला इतकी युगे लोटली होती की पायथ्याच्या गावांत कुणाच्या पणज्यानेही त्याचा धूर पाहिला नव्हता. माथ्यावर उरले होते ते एक प्रचंड विवर. लोक त्याला कढई म्हणत. काठाला काळा, भोकाभोकांचा दगड, तळाशी गवत, पावसानंतर काही महिने टिकणारे एक डबके, आणि थंडीच्या सकाळी एका भेगेतून निघणारी पुसट वाफ. डोंगर अजून श्वास घेतो आहे, एवढेच त्या वाफेवरून कळत असे.

कढईच्या काठाकाठाने एक पायवाट गोल फिरत होती. वाटेवर ठिकठिकाणी दगडी कट्टे बांधलेले होते. एका कट्ट्यावरून समुद्राची चंदेरी रेघ दिसे, दुसऱ्यावरून घनदाट रान, आणखी एकावरून सपाट मुलूख आणि त्यात विखुरलेली गावे. ते पाहायला लांबलांबचे लोक डोंगर चढून येत. मात्र या डोंगराची एक रीत होती, आणि ती पाळल्याशिवाय कुणी फेरी घालत नसे.

जोडीने आलेल्यांनी वाटेच्या तोंडाशी असलेल्या कमानीत एकमेकांचा निरोप घ्यायचा. एकाने उगवतीच्या अंगाने जायचे, दुसऱ्याने मावळतीच्या. भाकरी एकाजवळ, पाणी दुसऱ्याजवळ. कमानीच्या बरोबर समोर, कढईच्या पलीकडच्या काठावर, भेटीचा कट्टा होता. तिथे दोघांनी भेटायचे, भाकरी मोडायची, पाणी प्यायचे, आणि मग दुसरा ज्या वाटेने आला त्या वाटेने पुढे जाऊन आपापली फेरी पुरी करायची. भेट होईपर्यंत भाकरीवाल्याने घास घ्यायचा नाही, पाणीवाल्याने घोट घ्यायचा नाही. आणि वाटेत हाक मारायची नाही. कढईत हाक अशी घुमे की ती कोणत्या अंगाने आली ते ऐकणाऱ्याला उमगत नसे. हाकेमागे धावून माणसे भलतीकडे गेल्याच्या गोष्टी जुने लोक सांगत.

जो एकटाच येई, त्याचे काय? त्याच्यासाठी शिष्य होता. आलेल्याने आपली भाकरी घेऊन मावळतीने निघावे, आणि शिष्याने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून उगवतीने जावे. भेटीच्या कट्ट्यावर दोघांची गाठ पडे. एकटी आलेली माणसे तिथे मनातले बोलत. कुणी लेकीच्या सासरचे सांगे, कुणी न झालेल्या लेकराचे. शिष्य ऐकून घेई, पाणी देई, वाट्याला आलेली चतकोर भाकरी खाई. मग ते माणूस त्याच्या वाटेने निघून जाई आणि संध्याकाळपर्यंत डोंगर उतरूनही जाई. शिष्य तुंबा विसळून खुंटीला टांगून ठेवी. इतक्या वर्षांत कुणी त्याला विचारले नव्हते की, बाबा रे, तुझे काय? त्याला रोज माणूस भेटत असे, पण सोबत अशी कुणाचीच नव्हती.

सपाट मुलूख दिसणाऱ्या कट्ट्यावर तो थांबत नसे. तिथला पालापाचोळा झाडायचा तर मुलखाकडे पाठ करून झाडत असे.

त्या मुलखात त्याचे गाव होते. गावात थोरला भाऊ होता. बाप गेला तेव्हा धाकटा मामाच्या गावी होता आणि मधली नदी पुराने फुगली होती. निरोप पोचून तो घरी येईतो चिता विझलेली होती. जमलेल्या साऱ्या माणसांच्या देखत तो भावाला म्हणाला होता, "तू मला बापाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस." धाकट्याने त्याच पावली घर सोडले.

पुढच्या दिवाळीत त्याचे मन द्रवले. तो गावाच्या वेशीपर्यंत गेला. मडकी घेऊन आत चाललेल्या कुंभारणीजवळ त्याने निरोप दिला, "दादाला म्हणावं, मी वेशीवर आलोय." मग तो चिंचेखालच्या दगडावर बसला. तिथून गल्लीच्या टोकाला घर दिसत होते. दार सताड उघडे होते. आत कुणीतरी वावरत होते. पण दारातून बाहेर कुणी आले नाही. दिवस कलला तसा तो उठला आणि चालू लागला, तो या डोंगरावर येऊन थांबला.

वृद्धांना त्याने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. शेवटी म्हणाला होता, "मी वेशीपर्यंत गेलो होतो, बाबा."

वृद्धांनी नुसते "हूं" म्हटले आणि त्याच्यापुढे ताक ठेवले.

एके दिवशी एक व्यापारी आणि त्याची बायको डोंगरावर आली. चढणीने दोघांचा श्वास फुलला होता, तरी बोलणे चालूच होते. कमानीपाशी शिष्याने त्यांना रीत समजावली.

व्यापारी कपाळ पुसत म्हणाला, "छान रीत आहे. लग्नाआधी कुणी सांगितली असती तर! अर्धा डोंगर तरी शांतता."

बायकोने भाकरीचे गाठोडे काखेत घट्ट धरले. "शांततेनं पोट भरतं का बघा. भाकरी माझ्याकडे आहे."

"आणि पाणी माझ्याकडे. तिखटजाळ चटणी तूच वाटलीस ना? मग पाण्यासाठी तूच धावत येशील."

ती हसू दाबत उगवतीने गेली आणि तो तुंबा हलवत मावळतीने. दुपारनंतर दोघे उलट्या अंगांनी कमानीत परतले, तेव्हा व्यापारी गप्प होता. जाताना तो वृद्धांच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, ती ज्या वाटेनं आली होती ना, ती फार उभी चढणीची आहे. मला ठाऊक नव्हतं." मग खाली उतरताना बायकोच्या हातातले गाठोडे त्याने स्वतःकडे घेतले.

शिष्य ती दोघे दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. मग आत येऊन म्हणाला, "बाबा, मला छाटी द्या."

या स्थानाची भगवी छाटी ज्याला मिळे, त्याचे गाव सुटे, नाते सुटे. तो कायमचा डोंगराचा होई. छाटी कधीची धुऊन, घडी घालून देवळीत ठेवलेली होती. शिष्याने ती आजवर अनेकदा मागितली होती आणि वृद्धांनी दर वेळी बोलणे दुसरीकडे वळवले होते.

"घाई कसली आहे?" वृद्ध म्हणाले.

"घाई नाही. पण मी कुठलाच नाही, बाबा. खालचा उरलो नाही आणि वरचा झालो नाही. एकदा कुठला तरी होऊ द्या."

वृद्धांनी एकदा देवळीकडे पाहिले. "उद्या एक फेरी घाल," ते म्हणाले. "मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर शिष्य सवयीने तुंबा घ्यायला गेला, तर वृद्धांनी त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली.

"आज तू मावळतीनं जा."

"आणि पाणी?"

"पाणी घेऊन येणारा समोरून येईल."

"पण बाबा, आज तर डोंगरावर कुणीच आलेलं नाही."

"तुला भाकरी दिली आहे ना? मग पाण्याची काळजी तुझी नव्हे."

शिष्य निघाला. मनात आले, कोण येणार असेल? आणि नको म्हणत असतानाही त्याच्या मनाने एक चेहरा पुढे आणला. त्याने तो बाजूला सारला, पण पाय भरभर पडू लागले. सपाट मुलखाच्या कट्ट्यावर त्या दिवशी त्याने मान वळवून एकदा खाली पाहिले. ऊन चांगले पडले होते. एवढ्या उंचीवरून सगळी गावे सारखीच दिसत होती.

तो भेटीच्या कट्ट्यावर पोचला तेव्हा तिथे कुणी नव्हते. तो बसला. कट्ट्याखालचा दगड बारमाही कोमट असे; डोंगराच्या पोटातली ऊब तिथे अजून वर येत होती. त्याने भाकरी मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने समुद्राकडून धुके आले आणि बघता बघता कढई काठोकाठ भरून गेली. समोरची कमान गेली, तळ गेला, वाट दोन्हीकडून चार हातांवर पुसली गेली. राहिला तो कट्टा आणि त्यावर तो.

तहान लागली. भुकेपेक्षा तहान वाईट, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आजवर पाणी त्याच्याकडे असायचे, इतकेच. आपण थोडा उशीर करायचो तेव्हा समोरच्या माणसाला कसे वाटत असेल, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग तो काळे हलके दगड उचलून एकेक कढईत टाकत बसला. दगड खालच्या खडकांवर आपटत जाई आणि मग काहीच ऐकू येत नसे. बराच वेळ हाच चाळा चालला.

एव्हाना धुक्यातला उजेड पिवळट झाला होता. दुपार कलली असावी. आणि मग त्याला एकदम ती चिंच आठवली, तो दगड आठवला. तेव्हाही तो असाच बसला होता. तेव्हाही असेच कुणी आले नव्हते. तो मनाशी म्हणाला, 'मी माझ्या वाट्याची वाट चालून आलो. आता यापुढे काय करावं माणसानं?'

तो उठला. रीत अशी की पुढे जायचे. पण भेटच झाली नाही तर कसली रीत! तो आल्या वाटेने, मावळतीच्या अंगानेच मागे फिरला. सगळी वाट तो वृद्धांना काय बोलायचे ते जुळवत होता. पाणी येईल म्हणालात. कुठे आले? मला एकट्याला तिकडे बसवून काय मिळवलेत?

झोपडीत वृद्ध नव्हते. चूल थंड होती. कोपऱ्यात काठी नव्हती. शिष्याने खुंटीकडे पाहिले. तुंबा नव्हता.

गुडघे धरल्यापासून वृद्ध कमानीपलीकडे गेले नव्हते. शिष्य डोंगरावर आल्यापासून तर कधीच नाही.

हातातली भाकरी तशीच घेऊन शिष्य उगवतीच्या वाटेने धावत सुटला. पहिल्या कट्ट्यावर कुणी नव्हते. रानाच्या कट्ट्यावरही नव्हते. वाटेच्या ओल्या मातीत काठीची भोके मात्र उमटली होती, आधी लांब लांब, मग जवळ जवळ, मग पावलागणिक एक. उभ्या चढणीवर एका जागी कुणीतरी बसल्याची, पुन्हा उठल्याची खूण होती. पुढे तशीच आणखी एक. आणि वाट जवळजवळ संपत आली, भेटीचा कट्टा दोन वळणांवर राहिला, तेव्हा धुक्यात काठाच्या दगडाला पाठ टेकून बसलेले वृद्ध त्याला दिसले. तुंबा त्यांच्या मांडीत होता. तोंडापर्यंत भरलेला. त्यांचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

"आलास?" वृद्ध म्हणाले. "बैस. भाकरी आणलीस का, की रागानं खाऊन टाकलीस?"

शिष्य त्यांच्याशेजारी बसला. त्याने तुंब्याचे बूच काढले आणि दोन्ही हातांनी तो त्यांच्या तोंडाशी धरला. वृद्धांनी आधी त्याला प्यायची खूण केली. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग ते प्यायले, थोडे हनुवटीवरून सांडले. मग तो प्यायला. भाकरी वाळून पापडासारखी झाली होती. त्यांनी ती मोडली आणि दोघांनी पाण्यात भिजवून खाल्ली.

खाणे झाल्यावर शिष्य म्हणाला, "बाबा, तुम्ही इथं मुद्दाम बसलात ना? मला शिकवायला?"

"खुळा आहेस का? पाय चालले नाहीत म्हणून बसलो. मला वाटलं होतं कट्ट्यापर्यंत निभेल. नाही निभलं."

"मी तिथंच होतो. दोन वळणांवर."

"माहीत होतं. तू दगड टाकत होतास, ते ऐकू येत होतं. पोरकट चाळा, पण मला सोबत झाली."

"मग हाक का नाही मारलीत?"

"कढईत हाक मारून काय होतं ते तुला मी सांगू? तू उलटीकडे धावला असतास." वृद्धांनी तुंब्याला बूच लावले. "मग दगड थांबले. म्हटलं, पोरगं उठलं. आता पुढं येतं की मागं जातं? बराच वेळ कान देऊन होतो. मग समजलो."

शिष्याने मान खाली घातली.

"खाली मान घालायला सांगत नाही मी," वृद्ध सौम्यपणे म्हणाले. "ऐक. भेटीचा कट्टा वाटेच्या बरोबर मध्यावर बांधला, तो बांधणाऱ्याच्या सोयीनं. दोन माणसांची ताकद मोजून कुणी बांधला नाही. एकाची वाट सपाट असते, एकाची चढणीची. एकाचे पाय तरुण असतात, एकाचे गुडघे गेलेले असतात. आपण आपली अर्धी वाट चालतो, कट्ट्यावर बसतो आणि म्हणतो, मी आलो, तो आला नाही. तो कदाचित निघालेला असतो. कदाचित सगळा जीव खर्चून निघालेला असतो, आणि दोन वळणं अलीकडे बसलेला असतो. त्याची हाकही आपल्याला उलटीच ऐकू येते. म्हणून रीत सांगते, बाबा रे, भेट झाली तरी पुढं जा आणि नाही झाली तरी पुढंच जा. जिथं दोघं भेटतील तिथं कट्टा."

धुके विरळ होऊ लागले होते. खाली कढईच्या तळाशी गवताचा पिवळा तुकडा दिसू लागला. शिष्य त्याच्याकडे पाहत होता, पण त्याला दिसत होती ती एक गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला एक घर.

"बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "दार उघडं होतं."

वृद्धांनी या खेपेसही नुसते "हूं" म्हटले.

"त्या दिवशी बोचरा वारा सुटलेला, धूळ घरात जात असताना कुणी दार दिवसभर सताड उघडं टाकत नाही. मी वेशीवरून पाहत होतो. मला वाटलं, दार उघडं टाकून आत बसलाय आणि बाहेर यायला तयार नाही." त्याचा आवाज चिरकला. "चारचौघांत मी त्याला तसं बोललो होतो. बापाला अग्नी देऊन आला होता तो. माझी वाट पाहून पाहून, एकट्यानं. तो कुठल्या पायांनी वेशीपर्यंत येणार होता? त्याच्याच्यानं दारापर्यंतच झालं असेल."

वृद्धांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि सूर्य मावळतीला टेकेपर्यंत दोघे त्या बिनकट्ट्याच्या जागी बसून राहिले. मग शिष्याने त्यांना पाठुंगळी घेतले. पुढे भेटीचा कट्टा लागला. शिष्य तिथे थांबला नाही.

सकाळी वृद्धांनी देवळीतली छाटी काढली, पाहिली आणि पुन्हा ठेवून दिली.

"ही तुझी वाट पाहील," ते म्हणाले. "ज्याला घरी जायला वाट आहे आणि तरी जो इथं राहतो, त्याला ही द्यायची असते. वाट बंद झाली म्हणून जो येतो, त्याला नाही." मग त्यांनी तुंबा भरून त्याच्या हाती दिला. "हा घेऊन जा. भाकरी त्याच्या घरी असेलच."

कमानीपर्यंत ते काठी टेकत आले. शिष्य वाकून पाया पडला आणि तिथेच घुटमळला.

"आणि बाबा, आता दार लावलेलं असलं तर?"

"तर दाराला हात लावून ये. वेशीवरून परत येऊ नको."

"आणि तुमच्यापाशी कोण?"

"इतकी वर्षं तू ज्यांना पाणी दिलंस, त्यांच्यातलं कुणी येईल. नाही आलं, तर डोंगर आहे. जा आता, ऊन चढेल."

शिष्य डोंगर उतरला. मागे वळून पाहिले तेव्हा कमान रिकामी होती. इतका एकटा तो डोंगरावरही कधी नव्हता. सपाट मुलूख वरून हातावर घेण्याएवढा वाटे, पण चालू लागल्यावर तो संपता संपेना.

तिसऱ्या प्रहरी तो वेशीवर पोचला. चिंच तशीच होती. तिच्याखालचा दगडही तसाच होता, कुणीतरी नुकताच झाडून ठेवल्यासारखा. पाय सवयीने अडखळले. त्या दगडाकडे पाहून त्याच्या ध्यानात आले की आयुष्यातला मोठा काळ आपण याच्यावर बसून काढला. डोंगर नुसता निमित्ताला होता.

गल्लीच्या टोकाला घर दिसत होते. दार उघडे आहे की लावलेले, ते उन्हाच्या तिरिपीमुळे इथून कळत नव्हते. डोळ्यांवर धरायला त्याने हात उचलला, मग खाली घेतला. तुंबा या हातातून त्या हातात घेतला. पाणी आत डुचमळले. आणि तो पुढे चालू लागला.